एकसष्ट नंबर

पाचपावलीच्या फाटकाजवळ दौलतमामाचं दुकान.
पाटीवर: कूलर भाड्याने मिळतील,
खाली बारीक अक्षरात मोटर, पंप, वुडवूल, टबाला वेल्डिंग.
गेल्या एप्रिलात मी त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या
संगणकात चढवल्या.
दोन उंदरांनी आधीच वाचल्या होत्या,
एकीच्या पानांवर कुठल्याशा मे महिन्याचा घाम.

पूर्वी डेटाला काही विचारायचं तर
अवतरणचिन्हांत गुंडाळून परकी भाषा पाठवावी लागे,
कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून लिहून घेतल्यासारखी.
चूक कळायची ती रात्री, सगळं कोसळल्यावर.
आता प्रश्न भाषेतच मुरलाय.
मी ज्या भाषेत बेरीज करते तिच्यातच पुसते:

सगळ्या कूलरांमधून एकेक घे
जिथे परत आल्याची तारीख नाही,
जुना आधी लाव,
नंबर आणि नाव तेवढं उचल.

चार ओळी. काहीच हललं नाही.
मामा स्टुलावरून वाकला. "अडकलं का वं?"
नाही मामा, निघालाच नाही अजून.
प्रश्न नुसता लिहून ठेवलाय.
कोणी पहिलं उत्तर मागेपर्यंत
तो एकाही वहीला हात लावणार नाही.
"म्हंजे बटन दाबल्याबिगर पंप चालत नाही," मामा म्हणाला.
"त्यात काय नवल."

मग मागितलं. आले एकामागून एक.
चौदा नंबर, निखाडे, तांडापेठ.
"थो बल्लारशाले बदलून गेला, कूलर घेऊन गेला."
एकोणतीस, भुजाडे, नाईक तलाव.
"देतो म्हणते. इतक्यात नातू झाला त्याले, तरी देतोच म्हणते."
त्रेचाळीस, मंगल कार्यालय,
जिथे आता मोबाइलचे कव्हर विकतात.
प्रत्येक ओळीला मामाकडे एक रकाना जास्त होता
जो मी केलाच नव्हता.

एकसष्ट.
नाव रिकामं. भाडं रिकामं. डिपॉझिट रिकामं.
नेल्याची तारीख तेवढी होती, नवतप्याचा तिसरा दिवस.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.
शून्य म्हणजे मोजलं, निघालं काही नाही.
रिकामं म्हणजे कोणी मोजायला गेलंच नाही.

मामाने टेस्टर कानामागून काढला,
पुन्हा कानामागे ठेवला.
"टिनाची खोली होती. बाळंतीण.
ठेल्यावर मीच नेऊन देल्ला. नाव काय इचारू?
तिघं होते खोलीत."

मग?

"जूनमंदी आणाले गेल्तो.
टबात पाणी तसंच. पंप बंद.
दोघं होते."

बाहेर मालगाडी फाटकावरून गेली, डबे संपेचनात.

"पुसू नोको त्याले," मामा म्हणाला.
आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं,
पुसणं म्हणजे मिटवणंही.
कोणतं, ते मी पुसलं नाही.
ओळ जागच्या जागी ठेवली
आणि प्रश्नाला एक अट जोडली:
आणि जिथे नंबर एकसष्ट नाही.

शेजारी कारण लिहायची शिस्त असते. लिहिलं नाही.
उद्या कोणी हुशार पोरगा माझा कोड उघडेल,
म्हणेल हे काहून? विसरलेली टेस्टिंग असेल,
आणि अर्धी ओळ उडवून टाकेल.
मग येईल तो यादीत,
नाव नाही, भाडं नाही, फक्त एक मे महिना.

यंदा पारा सेहेचाळीसवर गेला तेव्हा
मामाने यादी मागितली.
बारा आले. मी वाचत गेले,
तो अंगठ्याने बोटांची पेरं मोजत गेला.
करंगळीचं शेवटचं पेर भरलं,
हाताची बाराही पेरं भरली.
अंगठा तसाच उचललेला राहिला थोडा वेळ.
मग त्याने त्याच हाताने
उंबऱ्याशी ठेवलेल्या कूलरचा गवताचा पडदा ओला केला.