शिल्लक वेळ: नऊ तास

राजारामपुरी, आठवी गल्ली. इलियासभाई
ड्राइव्ह कानाला लावतो,
घड्याळजी लावायचा तसा.
"वायर कुठली ही?"
चार्जरची, मी म्हणतो. तो हसत नाही.
"रेडकाच्या दोरीनं म्हैस ओढायलास व्हय?"

वायर बदलली. काळ्या भोकातून काढून निळ्यात खुपसली.
नऊ तासांची चाळीस मिनिटं झाली.

मग बासष्ट टक्क्यांवर पट्टी थांबली.
पुन्हा केलं. पुन्हा बासष्ट.
"एकच फोल्डर अडतोय. नाव बघ."

घोरपडे–इंगवले, मे २०१४.
कळंब्याच्या हॉलमधलं लग्न.
अल्बमचे निम्मे पैसे आले, न्यायला कोणी आलं नाही.
वर्षभरात दोघं वेगळे झाल्याचं
मंडपवाल्याकडून कळलं.

"तिथले सेक्टर मेलेत. वगळू?
बाकीचं सगळं सुटंल."
मागं दहा वर्षांची लग्नं खोळंबलेली,
बारशी, दोन साठीशांती,
माझ्याच पोरीचा पहिला वाढदिवस.

एकदा अजून, मी म्हणतो.
तो खांदे उडवतो, चहा सांगतो.

चहा निवेपर्यंत एक फोटो येतो:
हॉलच्या पायरीवर काढलेल्या चपला.
कुणाच्या कुणात अडकलेल्या.
नवरा नाही, नवरी नाही.

कप खाली ठेवतो.
वगळ आता.