पाठीवरचे आकडे

नगरपालिकेकडून कागद आलाय:
'मुलं बेसबॉल का सोडतात? कारणे लिहा.'
खाली चार रेघा, आखूड,
माझ्या बोटाएवढ्या.

मी हात्सुए. स्टेशनामागच्या गल्लीत
एकतीस वर्षं शिवणकाम करते.
शाळेच्या पोरांच्या पाठीवर आकडे शिवते.
एक म्हणजे पिचर, दोन म्हणजे कॅचर,
आठ म्हणजे लांब उभा राहून
एकट्यानं ढग मोजणारा.
पूर्वी आकडे वीसपर्यंत जायचे.
विसाव्याची आईच सगळ्यात जास्त वेळ थांबायची इथे,
टाका सरळ येतोय ना, बघत.
तो कधी खेळलाच नाही.
आकडा मात्र उसवला नाही कधी.

यंदा सहा आले.
सहांत संघ होत नाही, म्हणून
डोंगरापलीकडच्या दोन शाळा जोडल्यात.
तीन रंगांचे सदरे एका बाकावर;
लांबून वाटतं, कुणी गोधडी वाळत घातलीय.

कुमागाईंच्या सोसुकेला विचारलं, का रे सोडलंस?
म्हणाला, चकोट करावा लागतो.
अरे, तो नियम गेला की.
नियम गेला, म्हणाला, पण करतात सगळेच.

त्याच्या आईनं वेगळंच सांगितलं, हळू आवाजात:
रविवारी पहाटे उठून
प्रशिक्षकांसाठी चहाचे थर्मास भरायचे,
आणि तिची तर रविवारीच पाळी असते कारखान्यात.
ग्लव्हची किंमत ती बोलली नाही.
थोरल्याचा होता घरात,
पण धाकटा डावखुरा निघाला.

प्रशिक्षक ओनोदेरा म्हणतात, मोबाइल.
ते सगळ्यालाच मोबाइल म्हणतात.
त्यांच्या स्वतःच्या मुलाचं कोपर
चौदाव्या वर्षी डॉक्टरांनी उघडून शिवलं.
ती शिवण मी पाहिलीय. सुबक आहे.
तो त्या हातानं भाताचा वाडगा
अजून जपून उचलतो.

आणि बागेतली ती पाटी: 'चेंडू खेळण्यास मनाई'.
त्या अर्जावर माझीही सही आहे.
काच फुटली होती दुकानाची, ऐन थंडीत,
रात्रभर बर्फ आत येत होता
मशीनवर.
पोरगा माफी मागायला आला होता, बापाला घेऊन.
मी दार पूर्ण उघडलं नाही.

काल डोंगरापलीकडचा ताइगा आला.
एका संघात तीन पिचर, तिघांच्या पाठीवर एक.
चिठ्ठ्या टाकल्या, ह्याला चार मिळाला.
सदरा काढून, उघडाच, हीटरपाशी उभा राहिला.
उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो.
घाई केली तर कापड फाटतं.
एक निघाला, तर खाली
तेवढंच कापड नवंकोरं, गर्द निळं,
बाकी सगळा सदरा उन्हानं विटलेला.
चार त्याच्यावर पुरता बसेना.
कडेनं जुना एक दिसत राहिला.

'राहू दे तसाच,' तो म्हणाला.

तुटके दोरे पडले होते टेबलभर.
समोर तोच कागद होता,
त्यातच गोळा केले.