तिसऱ्या खणातली किल्ली

डॉक्टर गेले तेव्हा दवाखान्यातून
दोन गोष्टी माझ्या गळ्यात आल्या:
ब्लडप्रेशरचं जुनं यंत्र
आणि पोर्तुगालमधलं घर,
म्हणजे घर नव्हे, त्याची उस्तवार.
मॅडम म्हणाल्या, तांडेल, तुम्हीच बघा,
मला ते विकायचंही नाही
आणि आठवायचंही नाही.

आता डॉक्टरांच्या खुर्चीत नवी डॉक्टरीण बसते.
मी पुड्या बांधतो, लेबलं चिकटवतो,
आणि माहीममध्ये बसून
सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना त्या घरात उतरवून घेतो.
ते घर आपल्यापेक्षा साडेचार तास मागे चालतं,
थंडीत साडेपाच.
तो जादाचा एक तास दर वर्षी कुठे ठेवतात,
मी कुणाला विचारलं नाही.

रात्री दीड वाजता फोन: गरम पाणी येत नाही.
मी सांगतो, न्हाणीघरामागे लाल बटण आहे,
सात सेकंद दाबून धरा.
आठ नको. आठला परत बंद पडतं.
कुणी विचारतं, पोहायला कुठे जावं?
मी सांगतो, होडीनं पलीकडच्या वाळूवर जा,
पण सकाळी,
दुपारी वारा डोळ्यांत वाळू घालतो.
इतकं ठासून सांगतो की
फोन ठेवल्यावर मीच चप्पल झटकतो.
पासपोर्ट मी काढलेला नाही.

चौदा टॉवेल, सहा उशा, जेवायचे बारा काटे.
जानेवारीत काटे अकराच भरले.
एकच काटा कोण नेतं? आणि कशाला?
कुणाच्या डिपॉझिटमधून कापला नाही.
वहीत लिहिलं: काटा एक, समुद्रार्पण.

तिथला मिस्त्री जुवाकीम.
तो त्याच्या भाषेत लिहितो,
फोन त्याचं मराठी करून माझ्या हातात देतो:
आदरणीय तांडेल, छताला सर्दी झाली आहे.
पन्हळीच्या घशात पाइनची पानं अडकली आहेत.
सवयीनं मी विचारलं,
किती दिवसांपासून?

मार्चमध्ये त्यानं कळवलं,
दाराचं कुलूप मीठ खाऊन म्हातारं झालं,
नवीन बसवायला नव्वद युरो.
नव्वदचे रुपये केले आणि गप्प बसलो.
मग वाटलं, मीठ काय करतं
हे मला कुणी शिकवायचं?
बापानं होडीवरच्या पेटीचं कुलूप
एकोणीस वर्षं चालवलं
माझ्या शाळेच्या पेन्सिलीवर.
लिहिलं: तेल अजिबात घालू नका, तेल धूळ धरतं.
पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासा,
आत-बाहेर करा. दहा वेळा. घाई नको.

दोन दिवस काही नाही.
मग नऊ सेकंदांचा व्हिडिओ:
जाड, चुन्याचे डाग पडलेला हात,
किल्ली, एक बारीक खट्ट,
आणि दार.
त्यानं दिवा लावला नाही, तसाच आत शिरला.
अंधार, आणि अंधाराच्या टोकाला
पलीकडच्या खिडकीचा पांढरा चौकोन.
खाली एवढंच:
तुम्ही कधी येता?

मी पन्हळ साफ केल्याचे पैसे पाठवून दिले.

त्या घराची दुसरी किल्ली इथे आहे,
तिसऱ्या खणात, मुदत संपलेल्या मलमांखाली.
डॉक्टरांच्या कोटात सापडलेली.
मुंबईतल्या एकाही दाराला ती लागत नाही.
तरी महिन्यातून एकदा
शेवटचा पेशंट गेला की
मी तिच्यावर पेन्सिल फिरवतो,
दात्यांच्या मध्ये, पाठीवर, टोकाला.

काल मॅडम अचानक आत आल्या.
माझी काळी बोटं बघून म्हणाल्या,
हिशेब लागत नाही का?

म्हटलं, एक काटा कमी पडतोय.