अकरावं रीळ

सेलूत तो सिनेमा पोचायचा तेव्हा
हैदराबाद, नांदेड, परभणी हिंडून आलेला असायचा,
बाजार उठताना उरलेल्या भाजीसारखा.
रेघोट्या पडलेल्या, आवाजात खरखर,
आणि अकराव्या रिळातली तीन मिनिटं गायब.

जहागीरदाराची मुलगी. तिच्या बापाची फर्मानं लिहिणारा
खुशनवीस, बोटांना कायम शाई.
त्याचं पत्र येतं, कबुतराबरोबर वगैरे नाही,
चक्क धोब्याच्या गाठोड्यातून.
ती घडी उलगडते. बांगडी मनगटावरून सरकते.
आणि खट्ट.
घोडा पळतोय, ती रडतेय,
बाप एकदम म्हातारा झालाय.

"लिंब्या, रीळचोरा!"
सोड्याची झाकणं टणाटण ऑपरेटरच्या झरोक्यावर.
लिंबाजी तोंड बाहेर काढून
तुळजाभवानीची आण घ्यायचा,
मी नाही हो कापलं, आलंच असं.
कुणाला पटायचं नाही.
म्हणत, ती तीन मिनिटं त्याच्या घरी ट्रंकेत आहेत,
रात्री कंदिलापुढं धरून एकटाच बघतो.

आम्ही बायकांच्या बाजूला, मळक्या पडद्याआड,
मी आणि सफूरा.
पाच वेळा पाहिला.
घरी येताना गिरणीच्या भिंतीपर्यंत एकच विषय,
पत्रात काय असेल.
मी म्हणायची, "ये, मी स्टेशनवर थांबलोय."
त्या काळात स्टेशन कुठलं गं, येडे?
तिचं पत्र छोटं होतं :
"शाई संपली, म्हणून थांबतो."
मला तेव्हा ते काही विशेष वाटलं नाही.
पुढं एकदा, यांच्या दहाव्याला,
रांजणातून पाणी काढताना आठवलं,
आणि तांब्या तसाच हातात राहिला.

काल कॉलेजच्या पोरांनी तो पुन्हा लावला.
धुऊनपुसून लख्ख,
तिच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत असा.
पन्नास रुपये तिकीट, वाळ्याचे कूलर,
पडदा काढलेला, बाया-माणसं एकत्र.
सफूरा जावयाच्या गाडीनं औरंगाबादहून आली,
गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये भाजके शेंगदाणे.
दात तिचे नाहीत, हसणं तिचंच.

अकरावं रीळ.
आता रीळ कुठलं म्हणा, पण अंगाला कळलं.
घडी. बांगडी.
मी तिचा हात धरला की तिनं माझा.

आणि तीन मिनिटं
नुसता तिचा चेहरा.
पत्र दाखवतच नाहीत.
बोल नाही, सतार नाही,
लांब कुठंतरी रहाट करकरतो.
डोळे एका ओळीवरून खाली येतात,
पुन्हा वर जातात, पुन्हा तेवढेच खाली,
म्हणजे पत्र छोटंच असावं.
मग घोडा.

मागून एक म्हातारा आवाज, जुन्या सवयीनं,
"लिंब्याऽऽ!"
सगळं थिएटर हसलं. मला हसू येईना.
ट्रंकेत काही नव्हतंच त्याच्या.
असतं तरी
आमच्या उपयोगाचं नव्हतं.

दिवे लागले.
"बघ," सफूरा म्हणाली, "छोटंच होतं."
मग शेंगदाण्याची साल फुंकत,
"पर तेरे को बोली वो नइं था.
दिल में दूसराच लिखी थी मैं."
मग खरं कोणतं होतं गं?
"चप्पल कुठं गेली माझी," ती म्हणाली,
आणि वाकून खुर्चीखाली चाचपत राहिली
बराच वेळ,
दोन्ही चपला पायात असताना.