सोपी वाट

लव्हार्ड्याच्या ओढ्यात गाडी मेली तेव्हा
पाणी जेमतेम घोट्याच्या वर होतं.
सप्टेंबर सरला होता, आभाळ कोरडं.
पलीकडे एक बाई गोधडी आपटत होती,
ती थांबली, तिनं बघितलं, पुन्हा आपटू लागली.
एकेचाळीस किका. मोजल्या मी.
मग टेम्पो. मग नाना पेठ.

पारखे मिस्त्री गाडीला आधी हात लावत नाहीत,
वास घेतात.
"पेट्रोल येतंय, हवा येतीये. ठिणगी घरी आलेली नाही,"
म्हणाले, दिवेलागणीला पोर बाहेर राहावं तसे.
मी म्हटलं, पाण्यानं विझली असेल.
त्यांनी शटर अर्धं ओढलं, ट्यूब मालवली,
शेजारच्या इस्त्रीवाल्याची फवाऱ्याची बाटली आणून
वायरवर दोनदा फुसफुस केली.
"मार किक. आणि बघ.
उजेडात गळती दिसत नसते."

काळोखात वायरच्या अंगावरून
एक निळी मुंगी चालत गेली.
प्लगकडे नाहीच,
कॅपच्या चिरेतून निघाली, सरळ हेडच्या ओल्या धातूवर.

"ती विझत नाही, बाई.
पाणी तिला फक्त सोपी वाट दाखवतं.
प्लगच्या टोकाशी एवढीशी फट असते,
पण उडी मारावी लागते ना तिथं."

मग चहा येऊन गार होईपर्यंत
जुनी कॅप कापली, वायर बोटभर मागे ताजी केली,
नव्या रबरात ग्रीस, करंगळीच्या नखाएवढं,
"जास्त भरलं की माती खातं."
मॅग्नेटोच्या झाकणाचं फाटकं गॅस्केट
ब्लेडनं खरवडलं, फुंकर, पुन्हा खरवडलं.
सीडीआयचा डबा उचलून टाकीखाली, उंचावर.
बंद करायच्या बटणाची वायर हँडलपाशी सोलली होती;
तिच्याकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले.

आणि मग थांबले.
"हे कुणी बुजवलं?"
प्लगच्या खळग्यातून हेडच्या बाजूला निघणारं
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक.
मीच. तपकीर गल्लीतून सिलिकॉनची ट्यूब आणून
दिसेल ती फट भरली होती रविवारभर,
आणि संध्याकाळी हात धुताना
स्वतःवर बेहद्द खूश होते.

"येणारं पाणी येतंच.
वरनं नाही आलं तर गरम इंजिन गार पडताना
आतल्या आत घाम धरतं.
आलेलं जाणार कुठं मग?"
सायकलचा जुना स्पोक घालून त्यांनी ते मोकळं केलं.
आधी चिखल, मग रबरासारखा एक लांब धागा,
मग पाणी. पुष्कळ पाणी.

मी काही बोलले नाही.
त्या वर्षी मी आणखीही बरंच बुजवलं होतं,
त्याची यादी इथे नको.

बिल सहाशे चाळीस.
भोकाचे पैसे लावले नव्हते.

पुढच्या रविवारी तोच ओढा,
पाणी या वेळी गुडघ्याला लागलेलं.
पहिला गिअर, उभी राहून, श्वास धरून,
मधल्या शेवाळलेल्या दगडावर मागचं चाक घसरलं
आणि इंजिन एकदा खोकलं.
एकदाच.

पलीकडे जाऊन गाडी चालूच ठेवली, वाकून बघितलं.
भोकातून एक थेंब आला, लोंबला,
गरम धातूवर चर्र झाला. मग दुसरा.
ती बाई पिळा हातात धरून जवळ आली होती.
"गळतंय की तुमचं."
"गळू दे."