रात्रपाळीतला भाव

व्यंकटेश चिलवेरीचा फोन, रात्री पावणेदोनला.
मागे मागांचा खडखडाट, म्हणून ओरडतच बोलतो:
"मोठी पेमेंट कंपनी घ्यायलीय आपलं नाणं!
जगभरातल्या दुकानांत चालणार बघ!"
अंथरुणातच हिशोब केला.
बोनसमधले अकरा हजार, त्याचे झालेले एकोणीस.
बायकोला उठवलं नाही.

सकाळी अशोक चौकात चहा.
टपरीवरचा डबा बोलला, दहा रुपये प्राप्त झाले.
मल्लव्वाला विचारलं,
ते आमचं फोनमधलं नाणं घेशील का?
गाळणं झटकत म्हणाली,
"संध्याकाळी त्याचं दूध किती येईल
ते आत्ता सांग."

सांगता येईना.
वाढणार असेल तर मीच कशाला देऊ,
पडणार असेल तर तिनं का घ्यावं,
एवढं साधं त्या कंपनीत
कुणी कुणाला विचारलं असेल का?

दुपारी बातमी खरी ठरली. रीतसर जाहीर झाली.
आणि भाव उतरला.
अफवेवर चढून बसलेली माणसं
बातमी येताच उतरून गेली,
गड्ड्याच्या जत्रेत पाळणा थांबल्यासारखी,
चपला शोधत.

व्यंकटेश म्हणतो, थांब, परत वर जाईल.
त्याचा धोटाही जातो, येतो, जातो,
पण खाली निदान टॉवेल साठतो.

आता साडेअकरा दिसतायत.
शेंगाचटणीचा पुडा घेतला, रोखीनं.
बायको म्हणाली, आज काय विशेष?
म्हटलं, काही नाही.
भाव बरा होता.