क्षार

एकतीस वर्षं वनखात्याच्या खिडकीमागे बसून
मी दुसऱ्यांच्या जंगलावर शिक्के मारले.
आता एफडी मोडायची आहे
आणि जेवणाच्या टेबलावर आफ्रिका पसरली आहे,
कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, उडू नये म्हणून.

जिथं कधीकाळी तळं होतं
तिथं आता नुसतं मीठ. नकाशानंही जागा कोरी सोडलीय.
पावसात गेलो तर झेब्रे येतात, पण गाडी रुतते.
कोरड्यात गाडी धावते, तर झेब्रे निघून गेलेले.
वहीत दोन रकाने आखून बसलोय दुपारपासून.

"अन् पाहाले काय आहे तिथं?"
रत्नमाला आतून विचारते.
"काहीच नाही. नजर जाईल तिथवर पांढरं."
"वाघ?"
"नाही."
"बरं झालं. परत आल्यावर कोणी विचारनार नाही,
दिसला का म्हणून."

बाहेर सेहेचाळीस. मानकापूरचं डांबर चपलेला चिकटतं.
कूलरची मोटर जळलेली, मिस्त्री संध्याकाळी येणार.
वाळ्याची जाळी काढून, हातात उलथणं घेऊन
ती रिकाम्या टाकीत वाकलेली.
"इकडे या जरा."

बोअरच्या पाण्याचा किती उन्हाळ्यांचा थर,
पांढरा, भेगाळलेला,
आणि त्यावरून एकच मुंगी
घाई नसल्यासारखी.

आम्ही दोघं उकिडवे बसून पाहत राहिलो.
हनुवटीवरचा घाम टाकीत पडला
तेव्हा ती थांबली. मुंगी.

"कोरड्यातच जाऊ," रत्नमाला म्हणाली,
आणि उलथणं तसंच ठेवून उठली.